भिंत रंगवली, भाषेचे काय?

ऑगस्ट महिना उजाडला की आमच्या भागातल्या नगरपालिकांना, पंचायत समित्यांना आणि जिल्हा परिषदेला आदिवासी आठवतात. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक याच तारखेला भरली होती, म्हणून आमसभेने डिसेंबर १९९४ मध्ये हा दिवस जाहीर केला. जिनिव्हातल्या त्या बैठकीचा आमच्या गावाशी काय संबंध, असा प्रश्न कार्यक्रमाला जमलेल्या मंडळींपैकी कुणी विचारत नाही. ठराव होतो, तरतूद होते, मांडव पडतो. आणि हल्ली त्याच्या आधी पंधरा दिवस एक भिंत रंगते.

ही भिंत आता सगळ्यांच्या परिचयाची झाली आहे. गेरूच्या रंगाची पार्श्वभूमी, त्यावर पांढऱ्या रेषांची माणसे, मध्ये तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती सर्पिल आकारात नाचणारी रांग, कोपऱ्यात एक झाड आणि झोपडी. खाली 'स्वच्छ शहर, सुंदर शहर'. शेजारी 'येथे थुंकू नये'. वारल्यांची वस्ती जवळपास आहे की नाही याचा या भिंतीशी काही संबंध नसतो. जिथे भिल्ल, गोंड किंवा कोरकू राहतात तिथेही भिंतीवर वारलीच. जणू महाराष्ट्रातल्या सगळ्या आदिवासींची मिळून एकच जमात आहे आणि तिचा एकच व्यवसाय आहे, तो म्हणजे गोल फिरून नाचणे.

माझा आक्षेप चित्राला नाही. चित्र कुठून आले आणि कुठे नेऊन ठेवले, याला आहे. वारली चित्र मुळात घराच्या आतले. लग्नाच्या वेळी गेरूने सारवलेल्या कुडावर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने, बांबूच्या काडीने सवाशिणींनी काढायचा चौक. त्यात पालघट देवी बसायची, आणि तो लिहिताना धवलेरीची गाणी चालायची. या चौकावाचून लग्न लागत नसे. म्हणजे ते केवळ चित्र नव्हते. गाणे, विधी, नाते आणि भाषा यांच्यासह घडणारी ती एक कृती होती. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी तिथल्या बायकांच्या आणि जिव्या सोमा मशे यांच्या हाती कागद दिला आणि हे चित्र घराबाहेर पडले. मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. कागदावर आलेल्या चित्राने अनेक वारली चित्रकारांच्या घरात चार पैसे आणले, मान आणला. त्याबद्दल तक्रार करणे म्हणजे त्यांनी संग्रहालयातल्या वस्तूप्रमाणे जागच्या जागी राहावे असे म्हणणे होईल. तसे मला म्हणायचे नाही.

मला म्हणायचे आहे ते असे, की चित्राबरोबर जे गाणे होते ते कुणी घराबाहेर आणले नाही. चौक बाहेर आला, धवलेरी आत राहिली. याचे कारण सोपे आहे. चित्र पाहण्यासाठी भाषा यावी लागत नाही. ते पाहणाऱ्याकडे काही मागत नाही. गाणे मात्र समजून घ्यावे लागते. त्यासाठी ऐकणाऱ्याने दोन पावले पुढे टाकावी लागतात. आमच्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी 'सर्वसमावेशकता' आणि 'जाणीवजागृती' या नावाखाली जे काही चालवले आहे, त्याची सगळी मर्यादा या एका निवडीत दिसते. आदिवासी दिसलेला चालतो, बोललेला चालत नाही.

हे मी दुरून लिहीत नाही. या पापात माझाही वाटा आहे आणि तो आधी सांगून टाकलेला बरा.

काही वर्षांपूर्वी आमच्या जवळच्या एका नगरपालिकेने ९ ऑगस्टनिमित्त वक्तृत्व स्पर्धा ठेवली होती. विषय, 'माझी संस्कृती, माझा अभिमान'. परीक्षक म्हणून मला बोलावणे आले. माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गातली एक वारली मुलगी स्पर्धेत भाग घेणार होती. परीक्षकाने स्पर्धकाचे भाषण आधी वाचू नये, हा साधा संकेत. पण ती मोठ्या विश्वासाने वही घेऊन आली आणि मी ती घेतली. भाषण अर्धे मराठीत होते, अर्धे तिच्या घरच्या बोलीत. भात लावणी, कणगी, पहिल्या पावसानंतरची रानभाजी, आजीने सांगितलेली एक गोष्ट, हे सगळे तिच्या बोलीत. मी लाल पेनाने तो भाग 'शुद्ध' करून दिला. कणगीला धान्याची कोठी केले. भाज्यांच्या नावांना तर मराठी प्रतिशब्दच सापडेनात, तेव्हा 'विविध रानभाज्या' असे लिहून मी मोकळी झाले. 'परीक्षकांना कळायला हवे ना,' असे मी तिला म्हणाल्याचे आठवते. परीक्षक मीच होते.

स्पर्धेच्या दिवशी तिने ते माझे मराठी भाषण पाठ म्हटले. दुसरा क्रमांक आला. व्यासपीठावर नगराध्यक्षांपासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत सर्वांच्या डोक्यावर पिसांचे मुकुट होते. तारपा वाजवणारे पथक सकाळपासून उन्हात उभे होते, कारण प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. तिची आजी तिसऱ्या रांगेत बसली होती. कार्यक्रम संपल्यावर मुलगी ढाल घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, 'मॅडम, आजी विचारते, तू कुणाबद्दल बोलत होतीस?'

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच तो प्रश्न मला अजून सोडत नाही. वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आपल्यापैकी अनेकांनी वर्गात शिकवली आहे. आदिवासींचे दुःख त्यांनाच समोर बसवून सांगणाऱ्या व्यासपीठाविषयीची ती कविता मीही आठ-दहा वर्षे शिकवत होते, तिच्यातल्या उपरोधावर टिपणे देत होते. त्या दिवशी मी स्वतः त्या स्टेजवर होते आणि मला ते कळलेसुद्धा नाही.

आता मुद्द्याकडे येते.

आमच्या नगरपालिका आणि जिल्हा परिषदा जे करतात ते चांगल्या हेतूने करतात, त्यांना याहून अधिक काय करता येणार, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. तो चुकीचा आहे. त्यांनी काय करायचे हे आपल्या राज्यघटनेत लिहिलेले आहे, आणि तिथे भिंतीचा उल्लेख नाही. घटनेचा अनुच्छेद ३५०क असे सांगतो की, भाषिक अल्पसंख्याक समाजातील मुलांना शिक्षणाच्या प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी मिळाव्यात यासाठी प्रत्येक राज्याने आणि राज्यातील प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने प्रयत्नशील राहावे. 'आणि प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने' हे शब्द पुन्हा वाचावेत. भाषेच्या बाबतीत घटना थेट नगरपालिकेशी आणि जिल्हा परिषदेशी बोलते आहे.

हा अनुच्छेद घटनेत कधी आला, हेही मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. तो आला १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे ज्या दुरुस्तीने राज्यांची फेररचना झाली तिनेच. भाषेच्या आधारावर राज्ये आखली की प्रत्येक राज्यात दुसरी भाषा बोलणारे लोक उरणार, हे त्या वेळच्या धुरीणांना दिसत होते. त्यांच्या मुलांसाठी ही तरतूद होती. आपण भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व उचलले, त्यासाठी लढलो, १ मे १९६० ला महाराष्ट्र मिळवला. त्याच तत्त्वाची दुसरी बाजू मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण महाराष्ट्रातले प्राथमिक शिक्षण मुख्यतः त्यांच्याकडे आले. म्हणजे ज्या संस्थेच्या हाती शाळा आहे तिच्यावरच घटनेने ही जबाबदारी टाकली आहे. साठहून अधिक वर्षे झाली. नंदुरबारमध्ये भिली, मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी व माडिया बोलणारे मूल पहिलीच्या वर्गात पाऊल टाकते तेव्हा त्याच्यासमोर अजूनही बहुधा मराठीचे पुस्तक असते आणि फक्त मराठी बोलणारे गुरुजी असतात.

इथे कुणी म्हणेल की या तर मराठीच्याच बोली. आपल्या विभागांत हे वाक्य फार प्रिय आहे, म्हणून त्याची नीट फोड करायला हवी. वारलीविषयी, कोकणीविषयी असा वाद घालता येईल, आणि घातला तरी त्यातून मुलाची अडचण कमी होत नाही. परंतु गोंडी ही द्राविड कुळातली भाषा आहे; तिचे नाते तेलुगूशी आहे, मराठीशी नाही. कोरकू ही मुंडा गटातली. तिचे दूरचे नातेवाईक संथाळी आणि मुंडारी. भिली इंडो-आर्य खरी, पण ग्रिअर्सननेही तिला मराठीच्या खंडात न घालता नवव्या खंडात स्वतंत्र जागा दिली. एका महाराष्ट्रात तीन भाषाकुळे नांदतात ही गोष्ट आपण एम.ए.च्या भाषाविज्ञानाच्या पेपरात गुणांसाठी लिहून घेतो आणि नंतर विसरतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांवर, म्हणजे राज्याच्या ९ टक्क्यांहून अधिक आहे. त्याच जनगणनेत देशभरात भिली गटाच्या भाषा बोलणारे १ कोटीहून अधिक, गोंडी बोलणारे २९ लाखांहून अधिक, कोरकू बोलणारे ७ लाखांहून अधिक नोंदले गेले. २००३ मध्ये संथाळी आणि बोडो आठव्या अनुसूचीत आल्या. भिली, गोंडी, कोरकू अजूनही बाहेरच आहेत.

आता ताज्या इतिहासाकडे. १६ एप्रिल २०२५ ला महाराष्ट्र शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. आपण सगळे उठलो. मीही सही केली, सभेत बोलले. आपण काय म्हणत होतो ते आठवून पाहावे. सहा वर्षांच्या मुलावर परकी भाषा लादू नये. मूल मातृभाषेत विचार करायला शिकते, त्यानंतर बाकीच्या भाषा आपोआप येतात. भाषा लादणे म्हणजे संस्कृती पुसणे. हे सगळे खरे होते, आणि म्हणूनच २९ जूनला शासनाला माघार घ्यावी लागली. परंतु मोर्चाच्या त्या दिवसांत धडगावच्या किंवा धारणीच्या एखाद्या शिक्षकाने उठून विचारले असते, 'तुमचा हा युक्तिवाद आमच्या मुलांना लागू आहे का?' तर आपण काय उत्तर दिले असते? कारण त्या मुलाच्या लेखी पहिलीच्या वर्गात समोर येणारी परकी भाषा हिंदी नसते. मराठी असते.

हे वाक्य लिहिताना माझा हात अडखळला. मराठी ही माझी भाषा, माझी रोजीरोटी, माझे सगळे वाचन तिच्यात. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने तिला अभिजात दर्जा दिला तेव्हा महाविद्यालयात आम्ही पेढे वाटले. पण आपली भाषा एकीकडे अन्याय सोसणारी आणि दुसरीकडे अन्याय करणारी असू शकते, हे समजण्याइतकी परिपक्वता अभिजात भाषेच्या अभ्यासकांत असायला हवी. मराठीच्या बाजूने आपण जो युक्तिवाद करतो, तो तत्त्वाचा असेल तर गोंडीलाही लागू होईल. गोंडीला लागू होत नसेल, तर तो कधी तत्त्वाचा नव्हताच.

प्रत्यक्षात काय घडते, याचे एक उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये ठराव करून गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. ग्रामसभेने. म्हणजे स्थानिक स्वशासनाच्या सगळ्यांत खालच्या आणि सगळ्यांत खऱ्या पायरीने. ज्या १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे, त्याचा आणि घटनेचा आधार घेऊन. जे काम ३५०क ने जिल्हा परिषदेला सांगितले आणि जिल्हा परिषदेने केले नाही, ते एका गावाने आपल्या अंगावर घेतले. यावर शासकीय यंत्रणेची प्रतिक्रिया काय असावी? शिक्षण विभागाने ही शाळा अनधिकृत ठरवली, ती बंद करा म्हणून नोटीस काढली आणि गावाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्या व्यवस्थेला ९ ऑगस्टच्या मांडवासाठी पैसे सापडतात, तिला गोंडी बोलणाऱ्या शाळेसाठी नियमात एक ओळ सापडत नाही. नियम महत्त्वाचे असतात, हे मान्य. शिक्षण हक्क कायद्यात मान्यतेची अट आहे. पण त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात, शक्य तोवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावी, असेही म्हटले आहे. एक कलम वाचायचे आणि दुसरे गाळायचे, याला काय म्हणावे?

काही हरकतींचा विचार करायला हवा, कारण त्या सगळ्याच लबाडीच्या नाहीत.

पहिली हरकत अशी की हे व्यवहार्य नाही. एवढ्या भाषा, एवढ्या बोली, पुस्तके कुठून आणायची, शिक्षक कुठून आणायचे? याचे उत्तर ओडिशात आहे. तिथे २००६-०७ च्या सुमारास दहा आदिवासी भाषांतून बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे ती संख्या एकवीसवर गेली. मूल आपल्या भाषेत सुरुवात करते आणि मग टप्प्याटप्प्याने उडियाकडे आणि इंग्रजीकडे जाते. तो कार्यक्रम निर्दोष आहे असे कुणी म्हणत नाही. पण जे ओडिशाला जमले ते महाराष्ट्राला अशक्य आहे, असे म्हणताना आपल्याला थोडी लाज वाटायला हवी. आपल्याकडेही काही बोलींमध्ये पूरक पुस्तिका आणि शब्दसंग्रह निघाले. काही शिक्षकांनी स्वतःच्या उत्साहाने, पदरचे पैसे घालून काम केले. उत्साही शिक्षकाची बदली झाली की ते काम थांबते, कारण त्यामागे संस्था नसते. संस्थेचे पाठबळ देणे हेच तर स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे.

दुसरी हरकत, या भाषांना लिपी नाही. ही हरकत मराठीच्या प्राध्यापकाने घ्यावी याचे मला नेहमी नवल वाटते. ज्यांनी मोडी सोडून देवनागरी धरली त्यांना लिपी आणि भाषा यांतला फरक सांगावा लागू नये. गोंडी देवनागरीत लिहिता येते, लिहिली जाते. शिवाय तिच्या स्वतःच्या दोन लिप्या, मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी, २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये दाखल झाल्या आहेत. संगणकाने जे मान्य केले ते आपल्या शिक्षण समितीने अजून ऐकलेले नाही.

तिसरी हरकत सगळ्यांत गंभीर, कारण ती आदिवासी पालकांची आहे. आमच्या पोरांना आमच्याच भाषेत अडकवून ठेवायचे आहे का? त्यांना इंग्रजी हवी, मराठी हवी, नोकरी हवी. हा संशय रास्त आहे. शतकानुशतके ज्यांना रानातच राहा म्हणून सांगितले गेले त्यांना तो यायलाच हवा. याचे उत्तर एवढेच की मातृभाषेतून सुरुवात करणे म्हणजे तिथेच थांबणे नव्हे. ज्या मुलाला पहिल्या दोन वर्षांत वर्गात काय चालले आहे हे कळलेच नाही, त्याला पुढे ना मराठी नीट येते ना इंग्रजी. तो गळतो. आणि त्याच्या गळण्याला आपण 'शिक्षणाची अनास्था' असे नाव देतो. तरीही निर्णय पालकांचा आणि ग्रामसभेचा असावा. माझे म्हणणे एवढेच आहे की त्यांच्यासमोर पर्याय तरी असावा. आज तो नाही.

चौथी हरकत, आदिवासींच्या आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे आहेत, जिल्हा परिषदेकडे नाहीत. तेव्हा बोट कुणाकडे दाखवायचे? अनुसूचित क्षेत्र असलेल्या तेरा जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या शाळाही आहेत आणि त्यांत आदिवासी मुलेही आहेत. आश्रमशाळांचा जाब विभागाला विचारावा. जिल्हा परिषदेने आपल्या शाळांचा द्यावा. दोन खात्यांच्या मधल्या फटीत एक भाषा पडून मरावी, अशी व्यवस्था कुणालाच नको असली तरी घडते आहे ती हीच.

रोग केवळ आपलाच नाही, हेही सांगायला हवे. ऑस्ट्रेलियात आता अनेक नगर परिषदांच्या सभा सुरू होण्यापूर्वी, ही भूमी मूळ कुणाची होती याचा उल्लेख करून त्या लोकांविषयी आदर व्यक्त केला जातो. चांगली प्रथा आहे. पण त्याच देशात ऑक्टोबर २०२३ मध्ये मूळनिवासींना संसदेपुढे आपले म्हणणे मांडणारी एक सल्लागार संस्था द्यावी की नाही यावर सार्वमत झाले, आणि सुमारे ६० टक्के मतदारांनी नाही म्हटले. स्मरण करायला हरकत नाही, म्हणणे ऐकायला आहे. न्यूझीलंडची गोष्ट थोडी वेगळी. २००७ मध्ये मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांत मताला आला तेव्हा न्यूझीलंडने विरोधात मत दिले होते, भारताने बाजूने. तरीही त्या देशात १९८२ पासून माओरी समाजाने लहान मुलांसाठी 'भाषेची घरटी' उभी केली आणि १९८७ मध्ये माओरी अधिकृत भाषा झाली. आपण जाहीरनाम्याच्या बाजूने हात वर केला आणि घरी येऊन भिंत रंगवली. अर्थात माओरींनाही ते कुणी दान दिले नाही. समाजाने सुरू केले आणि मग शासनाला मागे यावे लागले. मोहगावने सुरू केले आहे. मागे कोण येणार, हा प्रश्न आहे.

आणि इथे मी पुन्हा आपल्याकडे, मराठीच्या अध्यापकांकडे येते. स्थानिक संस्थांवर टीका करणे सोपे आहे. त्यांचे ठराव, त्यांचे मुकुट, त्यांची भाषणे यांची थट्टा स्टाफरूममध्ये आपण रोज करतो. पण त्यांना ही भाषणे लिहून कोण देतो? स्पर्धांचे परीक्षक कोण असतात? आदिवासी साहित्याचा पेपर ऐच्छिक ठेवून, त्यात भुजंग मेश्राम यांच्या कवितेत आलेले गोंडी शब्द 'अपरिचित शब्द' म्हणून तळटीपेत ढकलणारे कोण असतात? ते शब्द कुणाला अपरिचित आहेत? आपल्याला. वर्गात बसलेल्या काही मुलांना ते 'कविता' आणि 'निसर्ग' या शब्दांच्या आधीपासून येतात. त्या मुलाला आपण कधी विचारले का, की हा शब्द तू वर्गाला समजावून सांग? एका तासापुरता तो शिक्षक झाला असता आणि आपण विद्यार्थी. जाणीवजागृतीचा याहून स्वस्त कार्यक्रम मला ठाऊक नाही. त्याला निविदा लागत नाही.

नगरपालिकेकडे आणि जिल्हा परिषदेकडे आपण काय मागावे, हेही स्पष्ट असावे. नुसती हळहळ कामाची नाही. तीन गोष्टी पुरेत. एक, आपल्या हद्दीतल्या प्राथमिक शाळांत कोणत्या मातृभाषेची किती मुले आहेत याची गणना करून ती दरवर्षी जाहीर करावी. ३५०क चा विचार इथून सुरू होतो आणि यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही. दोन, पहिली-दुसरीच्या वर्गात त्या भाषेचा एक स्थानिक माणूस, मग तो पदवीधर असो वा नसो, मानधनावर नेमावा. एखाद्या गावात ती आजीसुद्धा असू शकेल. तीन, जिथे ग्रामसभेचे बहुसंख्य सदस्य दुसरी भाषा बोलतात तिथे सभेचे इतिवृत्त त्या भाषेतही वाचून दाखवावे. ज्या ठरावाखाली माणूस अंगठा उमटवतो तो त्याला कळलेला असावा, ही मागणी क्रांतिकारक नाही.

हे सगळे खर्चिक आहे का? भिंतीपेक्षा थोडे असेल. पण फरक खर्चाचा नाही. भिंत एकदा रंगवली की काम संपते. फोटो निघतो, अहवालात जातो. भाषा वर्गात आणली की काम सुरू होते आणि मग ती बोलू लागते. ती काय बोलेल हे आधी सांगता येत नाही. कदाचित जमिनीविषयी बोलेल, कदाचित रेशनविषयी, कदाचित प्रमुख पाहुण्यांच्या दोन तासांच्या उशिराविषयी. रंगवलेला तारपावाला यांतले काहीच बोलत नाही, आणि मला वाटते तो सगळ्यांना एवढा आवडतो त्याचे कारण हेच आहे.

त्या मुलीचे भाषण माझ्याकडे अजून आहे. म्हणजे तिने लिहिलेले मूळ, ज्यावर माझ्या लाल पेनाच्या रेघा आहेत. वही परत द्यायची राहून गेली. मधल्या काळात तिचे शिक्षण संपले, ती आता एका आश्रमशाळेत शिकवते. मागच्या वर्षी भेटली तेव्हा मी वहीची आठवण काढली आणि आजीने सांगितलेली ती गोष्ट पुन्हा सांगशील का, असे विचारले. ती म्हणाली, सांगेन, पण मराठीत नाही जमायची. मी म्हटले, चालेल. मला सगळी कळली नाही. दोनदा थांबवून शब्दाचा अर्थ विचारावा लागला आणि तिने तो न रागावता सांगितला, मी वर्गात सांगते त्यापेक्षा अधिक चांगला.

यंदाच्या ९ ऑगस्टला पुन्हा परीक्षक म्हणून बोलावणे आले, तर जाण्यापूर्वी मी आयोजकांना एकच अट घालणार आहे. भाषण कोणत्याही भाषेत चालेल, असे पत्रकात छापावे. परीक्षकाला कळले नाही, तर परीक्षक बदलावा.